काळोखातल्या माणसाचे डोळे कोण काढून घेतो?

विज्ञानकथांत एक मानववंश पुन्हा पुन्हा भेटतो. सूर्य नसलेल्या कुठल्याशा ग्रहावर अडकून पडलेल्या प्रवाशांची ही दूरची संतती असते. त्यांची कातडी पांढरीफटक असते, डोळ्यांच्या जागी बुजलेल्या खोबणी असतात, कान पसरट आणि बोटे लांबसडक झालेली असतात, आणि बहुतेक वेळा ही माणसे कथानायकाला पकडायला अंधारातून सरपटत येतात. मूळचे प्रवासी आणि ही संतती यांच्यामधल्या काळात काय घडले, याचा हिशेब लेखक एका वाक्यात मिटवून टाकतो: पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांची तशी उत्क्रांती झाली. वाचकही मान डोलावून पुढे जातो, कारण न वापरलेला अवयव झडतो, असे शाळेत कधीतरी कानांवरून गेलेले असते.

माझा आक्षेप या एका वाक्याला आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने ते कच्चे आहे, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा, की माणसांनी घेतलेले किंवा टाळलेले निर्णय ते निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळे होते. कायमच्या अंधारात राहण्याची वेळ माणसांवर आली, तर त्यांच्या शरीरात बदल होण्याच्या कितीतरी आधी ऊर्जा, प्रकाश आणि जागा यांच्या वाटपाचा प्रश्न उभा राहील, आणि तो कसा सुटतो यावर पुढच्या पिढ्यांची शरीरे अवलंबून राहतील. ही केवळ कथासमीक्षेची बाब राहिलेली नाही. परग्रहांवर वस्ती करण्याचे बेत आज धनाढ्य उद्योजक जाहीरपणे मांडत आहेत आणि ‘माणूस काय, जुळवून घेईल’ हे त्यांत गृहीत धरलेले असते. शिवाय दृष्टी नसलेली माणसे आपल्या शेजारी आजही राहत आहेत, आणि त्यांच्याविषयीच्या आपल्या समजुतींना अशा कथांनी थोडेफार खतपाणी घातलेले आहे.

अंधाराचे ग्रह मुळात खोटे नाहीत. कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणारे, अवकाशात मोकाट भटकणारे ग्रह खगोलशास्त्रज्ञांना सापडले आहेत. अशा ग्रहाभोवती हायड्रोजनचे पुरेसे जाड वातावरण असेल, तर त्याच्या पोटातली उष्णता बाहेर निसटणार नाही आणि पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, असे डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी १९९९ मध्येच गणिताने दाखवून दिले होते. गुरूच्या युरोपा या चंद्रावर किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत आणि त्याच्या अभ्यासासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये यानही रवाना झाले आहे. खुज्या लाल ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या ग्रहांची एक बाजू कायम ताऱ्याकडे आणि दुसरी कायम रात्रीत असण्याची दाट शक्यता असते. तेव्हा लेखकाला रंगमंच तयार मिळतो. त्यावर राहायचे म्हटले, की पहिली अडचण येते ती डोळ्यांची नाही, इंधनाची.

पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅट ऊर्जा येते. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी जेमतेम ०.०९ वॅट भरते. म्हणजे ती उष्णता शंभर टक्के विजेत बदलता आली (तशी ती कधीच बदलता येत नाही), तरी घरातला ९ वॅटचा एक एलईडी दिवा पेटता ठेवायला शंभर चौरस मीटर, म्हणजे हजार-अकराशे चौरस फुटांच्या फ्लॅटएवढ्या जमिनीतली सगळी उष्णता लागेल. ज्वालामुखीच्या आसपास ती एकवटलेली सापडेल, सोबत अणुभट्टी नेता येईल, हे खरे. पण मग त्या भट्टीचा मालक कोण, तिची वीज आधी कोणत्या दालनाला मिळणार, हवा शुद्ध करणारा पंप आणि शाळेतला दिवा यांपैकी काय बंद ठेवायचे, हे पहिल्याच वर्षी ठरवावे लागेल. दिव्याखाली पिके घ्यायची, तर एका माणसाच्या पोटासाठी काही किलोवॅट वीज सतत जाळावी लागेल. अशा वसाहतीत सर्वांत उजळ जागा शेताची असेल आणि तिथे काम करणाऱ्यांना डोळे लागतीलच. काळोखाच्या ग्रहावर प्रकाश नाहीसा होत नाही, तो महाग होतो. महाग वस्तू कोणाच्या वाट्याला येतात, हे कळायला उत्क्रांतिशास्त्र लागत नाही.

आता जीवशास्त्राकडे. अंधारात डोळे जातात, या समजुतीला आधार आहे तो गुहांमधल्या प्राण्यांचा. मेक्सिकोतल्या चुनखडीच्या गुहांमध्ये ॲस्टिॲनॅक्स नावाचा छोटा मासा राहतो. त्याचे भाऊबंद बाहेरच्या नद्यांत चांगले डोळस आहेत आणि गुहेतले पूर्ण आंधळे. आंधळ्या माशाच्या भ्रूणात डोळा तयार व्हायला सुरुवात होते. बुबुळामागचे भिंग आकार घेते, पण लवकरच त्याच्या पेशी मरू लागतात आणि हळूहळू सगळा डोळा आक्रसून कातडीखाली बुजतो. विल्यम जेफ्री आणि योशियुकी यामामोटो यांनी २००० मध्ये बाहेरच्या माशाच्या भ्रूणातले भिंग गुहेतल्या भ्रूणात बसवून पाहिले, तर तिथे डोळा वाढला. त्यानंतर २००८ मध्ये रिचर्ड बोरोव्स्की यांनी एकमेकींपासून दूर असलेल्या गुहांमधल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तेव्हा त्यांच्या काही पिल्लांना चक्क दिसत होते. प्रत्येक गुहेत डोळा बिघडण्याचा मार्ग वेगळा होता, त्यामुळे एका घराण्याची उणीव दुसऱ्याने भरून काढली. इतक्या पिढ्या अंधारात गेल्यावरही पाहण्याची बहुतेक सामग्री अडगळीत शाबूत होती.

हे डोळे का गेले? डार्विनला १८५९ मध्ये वाटले होते, की अंधारात डोळ्यांचा उपयोग नसला तरी उपद्रवही नसावा, म्हणून हा केवळ न वापरण्याचा परिणाम. उपद्रव होता. डोळे आणि मेंदूचा पाहणारा भाग चालवायला माशाच्या विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी ५ ते १५ टक्के खर्च होतात, असे मोजमाप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान पिल्लांना हा खर्च अधिक जड जातो. जिथे वटवाघळांच्या विष्ठेवर आणि पुरात वाहून आलेल्या काडीकचऱ्यावर गुजराण करायची, तिथे ही चैन परवडत नाही. अर्थात अंधारासोबत उपासमार असणे, ही डोळे जाण्याची एक मोठी अट आहे. आपल्याकडेही असे जीव आहेत. केरळात विहिरींच्या पाण्याबरोबर आंधळे मासे वर येतात. मुंबईत जोगेश्वरीच्या एका अंधशाळेच्या आवारातल्या विहिरीत सापडलेल्या आंधळ्या वामेची २०२२ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि तिला मुंबादेवीचे नाव मिळाले. असा योगायोग कथेत घातला असता, तर संपादकाने बटबटीत म्हणून कापला असता.

मात्र अंधार म्हणजे फक्त गुहा नव्हे. खोल समुद्रात एक हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि तरी तिथले पुष्कळ प्राणी डोळस आहेत, काहींचे डोळे तर अवाढव्य आहेत. कारण तिथले जीव स्वतः प्रकाश निर्माण करतात: भक्ष्याला भुलवायला, जोडीदाराला खुणावायला, शत्रूला चकवायला. मंद प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचे आपल्याजवळ एकच जनुक असते. डायरेट्मस या खोल पाण्यातल्या माशाच्या जनुकसंचात अशी ३८ जनुके आहेत, असे २०१९ मध्ये आढळले. म्हणजे कायमच्या अंधाराने गुहेत डोळे मिटवले आणि समुद्रात ते अधिक तीक्ष्ण केले. दोन्हींतला फरक अंधाराचा नाही. कोणीतरी प्रकाश निर्माण करत आहे की नाही, याचा आहे.

माणूस या दोहोंपैकी कोणत्या बाजूला बसतो? दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाचे अवशेष मिळाले आहेत. आपली प्रजाती सुमारे तीन लाख वर्षांची. आपण जन्माला येण्याआधीपासून आपले पूर्वज अंधारात उजेड घेऊन शिरत आले आहेत. ज्या माणसांना दुसऱ्या ग्रहापर्यंत पोहोचता आले, त्यांना तिथे दिवा लावता येत नाही, असे मानायला फार ओढाताण करावी लागते. निसर्गक्रमाने पाहिले, तर अशा ग्रहावरचा मानववंश गुहेतल्या माशापेक्षा समुद्रतळाच्या जीवांच्या वाटेने जाईल. त्याचे डोळे जायचे असतील, तर आधी त्याचे दिवे कोणीतरी काढून घेतले पाहिजेत आणि ते हजारो पिढ्या परत मिळू दिले नाहीत, असेही झाले पाहिजे. कथेत ही घटना घडलेली असते आणि नेमकी तीच सांगितलेली नसते.

काळाचा आणि मरणाचा हिशेबही असाच झाकला जातो. एखाद्या जनुकरूपाने, म्हणजे जनुकाच्या एका प्रकाराने, दर पिढीला एक टक्क्याचा लाभ मिळतो असे धरले, तर दहा हजारांच्या लोकवस्तीत ते सर्वांमध्ये पसरायला ढोबळमानाने दोन हजार पिढ्या लागतात. पंचवीस वर्षांची पिढी धरल्यास ही पन्नास हजार वर्षे झाली आणि तीही एका जनुकाची. डोळा असंख्य जनुकांनी घडतो. आणि ‘लाभ’ या शब्दामागे जे दडलेले आहे ते असे, की दर पिढीत हे जनुकरूप नसलेल्यांची मुले थोडी अधिक मेली किंवा त्यांना मुले थोडी कमी झाली. निवड याच मार्गाने होते, दुसरा मार्ग तिला नाही. ‘ते अंधाराशी जुळवून घेत गेले’ हे वाक्य वाचताना मला त्यामागची बाळांची थडगी मोजावीशी वाटतात. ज्या वसाहतीत लहान मुले निसर्गनिवड व्हावी इतक्या सातत्याने मरत राहतात, तिथे काहीतरी भयंकर चुकलेले असते, आणि ते चुकीचे काय हाच खरा कथाविषय आहे.

यावर एक रास्त प्रतिवाद आहे. लहान वस्तीत बदल निवडीशिवायही, निव्वळ योगायोगाने होतात. मायक्रोनेशियातल्या पिंगेलॅप या प्रवाळबेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आले आणि जेमतेम वीसेक माणसे वाचली. वाचलेल्यांपैकी एकाकडे रंग न ओळखता येण्याच्या विकाराचे जनुक होते, असे मानले जाते. आज तिथल्या दर शंभरांत पाच-दहा जणांना रंग अजिबात दिसत नाहीत आणि भर उन्हात डोळे उघडे ठेवणे कठीण जाते. त्यात बेटावरच्या लख्ख उन्हाशी जुळवून घेणे कुठेच नाही. उलट त्या उन्हात ही दृष्टी गैरसोयीचीच. तेव्हा अंतराळातल्या छोट्या वस्तीत दहा-बारा पिढ्यांत काही माणसांची दृष्टी बदललेली असेल, हे मी मान्य करतो. पण हा बदल अंधाराला शोभेसा असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. बहिरेपण किंवा रक्ताचा विकारही तितक्याच सहज पसरू शकेल. आणि वीसच माणसे उरावीत अशी वेळ का आली, हा प्रश्न इथेही निर्णयांकडेच नेतो.

याच्याही पुढची गोष्ट अशी, की दृष्टीविना जगायला उत्क्रांती लागतच नाही. एकाच पिढीत ते जमते आणि रोज जमत आहे. कॅलिफोर्नियातले डॅनियल किश यांचे दोन्ही डोळे कर्करोगामुळे तान्हेपणीच काढावे लागले. जिभेने टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून ते समोरची भिंत, झाड, उभी गाडी ओळखतात आणि सायकल चालवतात. अशा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या अंध व्यक्तींच्या मेंदूत एरवी पाहण्याचे काम करणारा भाग सक्रिय होतो, असे २०११ मध्ये दिसून आले. लोर थेलर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाने अंध आणि डोळस अशा दोन्ही गटांना हे कसब बऱ्यापैकी शिकवून दाखवले. लाखो वर्षे आणि पसरट कान यांच्या बदल्यात दहा आठवडे! फ्रान्समध्ये शार्ल बार्बिए यांनी बोटांनी वाचायची, उठावाच्या ठिपक्यांची लिपी काढली होती. तिच्यावरून स्वतः अंध असलेल्या लुई ब्रेलने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, आपली सहा ठिपक्यांची लिपी बेतली. ब्रेल पाटीवर लिहिणारा उजवीकडून डावीकडे टोचत जातो, कारण कागद उलटला की ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. ही युक्ती कोणत्याही गुणसूत्रावर नोंदलेली नाही आणि तरी ती दोनशे वर्षे टिकून आहे.

मुंबईच्या लोकल स्थानकांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो, तिथे फलाटावर वरून सतत ‘टिक टिक’ असा संकेत वाजत असतो. ज्याला दिसते त्याला तो बहुधा जाणवतही नाही. ज्याला दिसत नाही, त्याला सकाळच्या गर्दीत नेमके कुठे उभे राहायचे ते त्यावरून कळते. तो संकेत बंद पडला, तर त्या प्रवाशाचे अपंगत्व त्या दिवशी वाढते. त्याच्या डोळ्यांत मात्र काहीही बदललेले नसते. मध्य प्रदेशात अंध उमेदवारांना न्यायिक सेवेत येऊ न देणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी रद्द ठरवला, तेव्हाही न्यायाधीशाच्या कामाला डोळे लागतातच, हे गृहीतक कोर्टाने तपासून फेटाळले. काळोखाच्या ग्रहावरच्या आंधळ्या माणसांना लेखक सर्रास पशूच्या पातळीवर उतरवतात, त्यामागे हेच गृहीतक असते. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी कोणते कोर्ट बसत नाही.

एच. जी. वेल्स यांच्याकडे हे दोन्ही मार्ग सापडतात. १८९५ च्या ‘द टाइम मशीन’मध्ये त्यांनी श्रमिकांना जमिनीखाली ढकलून त्यांची निशाचर, माणसे खाणारी जात केली. निदान तिथे खाली ढकलणारा वर्ग कोणता होता, हे त्यांनी लपवले नाही. पुढे १९०४ मधल्या आंधळ्यांच्या दरीच्या कथेत त्यांनी अधिक अवघड गोष्ट साधली. तिथले लोक एका रोगाने आंधळे झालेले आहेत आणि त्यांनी दरी स्वतःला हवी तशी रचून घेतली आहे. वाटा ओळखता याव्यात म्हणून त्यांच्या कडांना खाचा आहेत, काम रात्रीच्या गारव्यात होते आणि झोप दिवसाच्या उबेत. बाहेरून आलेल्या डोळस माणसाला वाटते आपण इथे राजे होऊ, आणि घडते उलटेच. त्या कथेतले दरीवासी आत्मसंतुष्ट आणि दांडगेही आहेत, म्हणजे अंधांचे देव्हारे माजवण्याचा मोहही लेखकाने टाळला आहे. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत बहुसंख्य लेखक पहिल्या वाटेने गेले आणि वर्गाचा तपशीलही वाटेत सांडून आले, याचे मला नवल वाटते.

कथेला जीवशास्त्राचे नियम लावणे हा रसभंग आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्या कथा आपल्या अद्भुताला परीकथेचा नव्हे तर विज्ञानाचा आधार देतात, त्या वाचकाकडून वेगळ्या प्रकारचा विश्वास मागतात, आणि तो विश्वास पुस्तक मिटल्यावरही मागे राहतो. परग्रही वसाहतींच्या चर्चेत तो दिसतो. माणसाची जनुकेच अवकाशासाठी बदलावीत, अशा सूचना आता वैज्ञानिकांकडूनही येतात. चीनमध्ये ‘हे च्यानख्वेइ’ नावाच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये भ्रूणावस्थेतच जनुकबदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षाअखेरीस त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. जो बदल त्या मुलींच्या भल्यासाठी केल्याचा दावा होता, त्यालाही त्यांची संमती नव्हती. काळोखासाठी बदललेल्या मुलाला तर उजेडाच्या जगात परतण्याचा मार्गच उरणार नाही. ऊर्जा वाचावी म्हणून मुलांचे डोळे कमी करायचे, की मुले आहेत तशी राहावीत म्हणून ऊर्जा वाढवायची, हा खर्चाचा प्रश्न आहे आणि खर्च कोणी सोसायचा ते संचालक मंडळ ठरवणार की रहिवासी, हा सत्तेचा. ‘उत्क्रांती होईल’ म्हटले, की दोन्ही प्रश्न अजेंड्यावरून गळतात.

मराठीत विज्ञानकथेला दिवाळी अंकांचा आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांचा आधार मिळालेला आहे. १९७४ च्या तशाच एका स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली होती. काळोखाचा ग्रह कोणा मराठी लेखकाला खुणावत असेल, तर त्याने पन्नास हजार वर्षे ओलांडून जाऊ नये, पहिली पन्नासच घ्यावीत. अणुभट्टीची क्षमता निम्म्यावर आलेली आहे, निवासी मजल्यांवरचे दिवे दिवसाला चार तासच लागणार आहेत आणि त्यासाठी रहिवाशांची सभा भरली आहे. भूकंपानंतर कोसळलेल्या बोगद्यात दृष्टी गमावलेली पंपघरातली तंत्रज्ञ आता बेअरिंगच्या आवाजावरून बिघाड आधीच सांगते, आणि तिचे म्हणणे आहे की कपातीचे वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीवर एकाही अंध सदस्याला घेतलेले नाही. कंपनीचा प्रतिनिधी पुढच्या पिढीसाठी जनुकबदलाचा प्रस्ताव घेऊन आला आहे, ज्याने वसाहतीचा वीजखर्च कायमचा खाली येईल. या सभेत डोळस लोकांनी कोणाच्या बाजूने हात वर केले, आणि अंधारात ते हात मोजले कोणी, एवढे जरी लेखकाने प्रामाणिकपणे लिहिले, तरी पुढच्या पिढ्यांना डोळे असतील की नसतील ते वाचकाला पुरेसे कळेल.